बीपी-शुगरच्या जनजागृतीचा 'इम्पॅक्ट' मोजायचा कसा? (इंदूर, रामबाग)

माळवी_मालवणी_नव्हे

मंडळी, मदत हवी आहे, आणि मार्चअखेरच्या आत हवी आहे.

आमचं मंडळ रामबागेत आणि जवळच्या दोन वस्त्यांत गेली काही वर्षं बीपी-शुगरच्या जनजागृतीचं काम करतंय. गणपतीत डॉक्टरांचं व्याख्यान, संक्रांतीच्या हळदीकुंकवात अर्धा तास माहिती, वाण म्हणून मीठ मोजायचा छोटा चमचा (कल्पना माझी, कौतुक करायला हरकत नाही), आणि महिन्यातल्या एका रविवारी मोफत बीपी तपासणी. पैसे एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठीच्या निधीतून, येतात. तिथे नवे साहेब आलेत. त्यांचा मेल असा की यंदा फोटो आणि हजेरीपत्रकावर भागणार नाही, 'इम्पॅक्ट असेसमेंट' (कामाचा परिणाम किती झाला त्याचं मूल्यमापन) पाठवा, मग पुढच्या वर्षाचं बघू.

आमच्याकडे आहे काय? हजेरीच्या वह्या. कार्यक्रमाच्या आधी आणि नंतर भरून घेतलेल्या दहा प्रश्नांच्या प्रश्नपत्रिका, त्यात आधी पाच-सहा गुण आणि नंतर नऊ. आणि रविवारच्या तपासणीच्या नोंदी. त्यात जानेवारीपेक्षा मे महिन्यात बहुतेकांचं बीपी उतरलेलं दिसतं. आमचे सचिवकाका म्हणतात, "झालं की! गुण वाढले, बीपी उतरलं. आलेख काढ आणि दे पाठवून." मला काही ते पचत नाहीये. या क्षेत्रातलं कोणी इथे असेल तर सांगा.

पोहे_जिलबी

भिया, इंदुरात बीपी-शुगरची जनजागृती म्हणजे रात्री साडेअकराला सराफ्याच्या खाऊगल्लीत उभं राहून उपासाचं महत्त्व सांगण्यासारखं आहे. तरी शुभेच्छा. एक चमचा आमच्याकडेही पाठवा.

आकडेमोडे

तो आलेख कृपा करून पाठवू नका. साहेबांकडे एखादा जाणकार बसला असेल तर पहिल्याच ओळीत पकडेल.

जानेवारी आणि मे. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी चढतं, उन्हाळ्यात उतरतं. तुमच्या व्याख्यानाला न आलेल्या माणसाचंही मे महिन्यात उतरलेलंच असणार. तुलना करायचीच तर जानेवारीची पुढच्या जानेवारीशी करा.

पुन्हा तपासायला बोलावलंत कोणाला? ज्यांचं जास्त निघालं त्यांनाच ना? बीपी दिवसभर वरखाली होत असतं. कोणी जिना चढून आलेलं असतं, कोणी घरून भांडून. १६० निघालेली माणसं वेगळी काढलीत की त्यातल्या बऱ्याच जणांचं पुढच्या खेपेला काहीही न करता कमी भरतं, कारण तुम्ही त्यांना त्यांच्या वाईट दिवशी निवडलेलं असतं. व्याख्यान झालं काय, न झालं काय, हे होणारच.

आणि मे महिन्यात आले कोण? गोळ्या नेमाने घेणारे, स्वभावाने काळजी करणारे. जे आलेच नाहीत त्यांचं बीपी तुमच्या आलेखात नाही. जानेवारीतली सगळी नावं आणि मे मधली सगळी नावं शेजारी शेजारी ठेवून बघा, किती जण गळलेत ते.

निवृत्त सिस्टर

आकडेमोडे यांना +१. माझी पस्तीस वर्षं वॉर्डात गेली, म्हणून थोडं मोजण्याबद्दल बोलते.

शिबिरात बीपी कसं मोजतात ते मी पाहिलं आहे. बाई रांगेतून येते, खुर्चीत टेकते न टेकते तोच पट्टा बांधतात, तोही ब्लाउजच्या घट्ट बाहीवरून. शेजारची विचारते, "किती आलं गं?" आणि ही मान वळवून उत्तर देते. अशा आकड्याला काय अर्थ? पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीला लागलेले, दंड हृदयाच्या पातळीला, तोंड बंद. दोनदा मोजायचं, पहिला आकडा बहुधा जास्त येतो. जाड दंडाला मोठा पट्टा, नाहीतर बीपी उगीच जास्त दाखवतं. तुमच्या आधीच्या नोंदी कोणी आणि कशा घेतल्या, हे तरी माहीत आहे का?

अजून एक सांगते, ते कुठल्या अहवालात येत नाही. फुकटच्या तपासणीत १२८ आलं की माणूस खूश होऊन घरी जातो आणि गोळी बंद करतो. "कमी झालं ना आता." अहो, गोळीमुळेच कमी झालं! माझ्या ओळखीत हे इतक्यांदा झालंय की मी शिबिरात आकडा सांगताना सोबत एक वाक्य ठोकूनच सांगते: गोळी चालूच ठेवायची, बंद करायची तर डॉक्टरांना विचारून. तुमच्या कार्यक्रमाने फायदा किती झाला हे शोधताना, त्याच्यामुळे गोळ्या कोणी सोडल्या का, तेही शोधा.

शंकासुर

प्रश्नपत्रिकेबद्दल कोणी बोललंच नाही. व्याख्यान संपल्यावर अर्ध्या तासात 'मीठ किती खावं' विचारलं तर पाच ग्रॅम हे उत्तर कोणीही देईल. ती परीक्षा स्मरणशक्तीची झाली. तीच प्रश्नपत्रिका सहा महिन्यांनी न सांगता द्या. आणि तरी ते ज्ञानच मोजलं जाईल, वागणं नाही. तंबाखू वाईट हे पुडीवर छापलेलं वाचूनच लोक पुडी फोडतात.

माळवी_मालवणी_नव्हे

@शंकासुर, अगदी. मागच्या महिन्यात मी स्वतः फॉर्म घेऊन घरोघरी फिरले. एका आजींना विचारलं, "जेवताना वरून मीठ घेता का?" "छे गं, अजिबात नाही. डॉक्टरांनी सांगितल्यापासून बंद." मी 'नाही' वर खूण केली. तेवढ्यात सूनबाईंनी पोह्यांची बशी पुढे केली. आजींनी स्वतःच्या हाताने डबी उघडून त्यावर जीरावन (पोह्यांवरचा आपला इंदुरी मसाला) भुरभुरलं, मग मूठभर लौंगवाली शेव. जीरावनात मीठ, काळं मीठ, शेवेत मीठ. फॉर्मवर मात्र आजी शंभर टक्के पास! खोटं बोलल्या असंही नाही, प्रश्नच इंदुरासाठी लिहिलेला नव्हता. कुठून तरी उतरवलेला होता.

आकडेमोडे

हा किस्सा अहवालात जसाच्या तसा टाका. साहेबांना यातून नऊ गुणांपेक्षा जास्त कळेल.

विचारून मिळणारं उत्तर आणि बघून मिळणारं उत्तर यातली तफावत मोठी असते. आणि बघायला कोणी बसलंय म्हटल्यावर बघून मिळणारंही बदलतं. बांगलादेशात साबणाच्या वड्यांत हालचाल टिपणारे सेन्सर घालून पाहिलं होतं. निरीक्षक घरात बसलेला असताना साबण सुमारे ३५ टक्के जास्त हलला.

मीठ खरंच मोजायचं तर २४ तासांची लघवी गोळा करून त्यातलं सोडियम बघतात. ते तुम्हाला परवडणार नाही आणि रामबागेत कोणी करूही देणार नाही. पण ज्यांनी केलं त्यांचं बघण्यासारखं आहे. उत्तर चीनमध्ये चांगझी इथल्या २८ प्राथमिक शाळांत हा प्रयोग झाला. निम्म्या शाळांतल्या मुलांना मिठाबद्दल शिकवलं आणि घरचं मीठ कमी करायचा गृहपाठच दिला. एका सत्रानंतर, न शिकवलेल्या शाळांच्या तुलनेत, घरातल्या मोठ्यांचं मीठ दिवसाला २.९ ग्रॅमनी कमी भरलं. म्हणजे शिकवून काही होतच नाही असं नाही. फक्त त्यांनी मोजलं लघवीतून, तोंडी विचारून नाही.

तुमच्यासाठी स्वस्तातला उपाय: पुडा फोडला की त्यावर तारीख टाकायला सांगा. चार माणसांच्या घरात दर माणशी पाच ग्रॅम धरलं तर दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे एक किलोचा पुडा ५० दिवस पुरायला हवा. बाहेरची शेव-जीरावन यात येत नाही, लोणच्याच्या मोसमात हिशेब कोलमडतो, हे मान्य. पण तीसच दिवसांत पुडा संपत असेल तर बोलायला विषय मिळतो.

सुदामानगरची सून

पुड्यावरच्या तारखेची युक्ती आवडली. आमच्याकडे मात्र पुडा फुटला की मीठ थेट बरणीत जातं आणि पुडा कचऱ्यात. तारीख बरणीला चिकटवावी लागेल.

अवांतर: जीरावनशिवाय पोहे? क्या के रिये हो! :)

गडचिरोली_रिटर्न

वाचतोय केव्हाचा. ग्रामीण आरोग्यात थोडं काम केलंय म्हणून लिहितो.

परिणाम कसा मोजावा याचा वस्तुपाठ आपल्याच महाराष्ट्रात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बाळांच्या घरोघरी काळजीचा प्रयोग केला, तो १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. ३९ गावांत काम, ४७ गावं तुलनेला, आणि दोन्हीकडचा प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू नोंदलेला. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी खाली आला. पण त्यात नुसतं शिक्षण नव्हतं. गावातल्याच बायका प्रशिक्षण घेऊन घरी जात, बाळाचं वजन करत, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शन देत.

नुसत्या बैठकांचंही उदाहरण आहे. झारखंड-ओडिशात 'एकजुट' संस्थेने महिलांचे गट केले. दर महिन्याला बैठक, चित्रं, गोष्टी, आणि आपल्या गावात बाळं का दगावतात, त्यावर काय करायचं, हे बायकांनीच ठरवायचं. फळ्यासमोर उभं राहून शिकवणारं कोणी नाही. तीन वर्षांत नवजात मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झाले (लॅन्सेट, २०१०). त्याच सुमारास बांगलादेशात जवळजवळ हाच प्रयोग झाला आणि परिणाम शून्यासारखा. का? एकजुटमध्ये साधारण ४६८ लोकसंख्येमागे एक गट होता, बांगलादेशात १४१४ मागे एक. नंतर असे सगळे प्रयोग एकत्र करून पाहिले तेव्हा जिथे गर्भवतींपैकी निदान ३० टक्के बैठकांना येत होत्या, तिथेच फायदा ठळक दिसला.

म्हणून ताईंना माझा एकच प्रश्न: ज्यांना बीपी आहे अशा किती जणांपर्यंत तुम्ही पोहोचलात? हजेरीच्या वहीत सह्या शेकडो असतील, पण माणसं किती वेगळी?

माळवी_मालवणी_नव्हे

नेमक्या दुखऱ्या ठिकाणी बोट ठेवलंत. काल रात्री वह्या काढून बसले. तीच तीच नावं. जोशीकाकू टाईप मंडळी (सगळ्या मंडळात एक असतेच) प्रत्येक कार्यक्रमाला. बहुतेक निवृत्त, बहुतेकांची गोळी आधीपासूनच चालू. चाळिशीतले दुकानदार, रिक्षावाले, बँकेतले, म्हणजे ज्यांना आपलं बीपी माहीतच नाही ते, जवळपास नाहीतच. रविवारी सकाळी ते झोपलेले असतात नाहीतर दुकानात.

शंकासुर

@गडचिरोली_रिटर्न, खेड्यातलं उदाहरण शहरात चालतं हे गृहीत का धरायचं? मुंबईच्या झोपडवस्त्यांत हेच करून पाहिलंय. ४८ वस्त्या, निम्म्यांत महिलांचे गट, निम्म्यांत नाहीत. २०१२ मध्ये निष्कर्ष आले, लक्षणीय फरक काही नाही. शहरात लोक वस्ती बदलतात, दवाखाने पावलापावलावर असतात, महिन्याच्या बैठकीला वेळ कोणाला आहे? रामबाग आणि झारखंडचं खेडं यात फरक आहे की नाही?

गडचिरोली_रिटर्न

आहे, आणि मुंबईचा मुद्दा मान्य. त्यावरून 'शहरात काही होत नाही' असा निष्कर्ष मात्र मी काढणार नाही. तिथे दवाखान्यात बाळंतपणं आधीच बऱ्यापैकी होत होती, सुधारायला जागा कमी होती. बीपीत जागा भरपूर आहे.

पोहे_जिलबी

आता मी जरा गंभीर होतो. शहरात लोक बदलत नाहीत म्हणणाऱ्यांनी आमच्या गल्लीत सकाळी यावं. २०१७ ते २०२३ इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं आलं. माझी आई, जी एका डब्याशिवाय दुसरा डबा मानत नव्हती, आता ओला-सुका तर सोडाच, डायपर आणि फुटकी ट्यूबलाईटसुद्धा वेगळी ठेवते. जनजागृतीनेच झालं ना हे?

आकडेमोडे

उदाहरण उत्तम, निष्कर्ष घाईचा. त्याच काळात कचऱ्याची गाडी रोज दारात यायला लागली, गाडीत वेगवेगळे कप्पे झाले, मिसळलेला कचरा दिला तर गाडीवरचा माणूस परत करायला लागला, दंड लागला, कोपऱ्यावरच्या कचरापेट्या उचलल्या गेल्या. गाडीवर वाजणारं जनजागृतीचं गाणं होतंच. आता यातलं किती गाण्याने झालं आणि किती गाडीने? गाडी आठवडाभर आली नाही तर तुमच्या मातोश्री किती दिवस पाच डबे सांभाळतील?

हाच प्रश्न ताईंना. बीपीची माहिती दिलीत. पण गोळी कुठे मिळते, दर महिन्याला मिळते का, रांग किती? ती गाडी दारात येते का?

निवृत्त सिस्टर

हे फार बरोबर. सरकारी केंद्रात बीपीच्या गोळ्या फुकट मिळतात, पण 'मिळतात' आणि 'महिनाभर मिळतात' यात फरक आहे. दहा दिवसांच्या गोळ्या हातात दिल्या की माणूस महिन्यातून तीनदा रोजगार बुडवून येणार का? दोनदा येतो, मग येत नाही. त्याला आपण म्हणतो जागृती कमी पडली.

२०१७ च्या शेवटी देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो कार्यक्रम पाच राज्यांतल्या २५ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात आपलं मध्य प्रदेशही होतं. त्यांची मोजण्याची पद्धत मला फार आवडते. नोंदवलेल्या सगळ्या रुग्णांपैकी या तिमाहीत आलेल्यांत किती जणांचं बीपी १४०/९० च्या खाली, किती जणांचं वर, आणि आलेच नाहीत ते किती. न आलेले हिशेबातून गळत नाहीत, त्यांचा स्वतंत्र आकडा. भागाकार सगळ्या नोंदलेल्यांनीच करायचा.

बिनाका_गीतमाला

सीएसआरच्या कायद्याबद्दल एक खुलासा, कारण साहेब उगाच घाबरवत असावेत. २०२१ च्या जानेवारीत नियम बदलले, त्यात इम्पॅक्ट असेसमेंट बंधनकारक आहे ते मोठ्या कंपन्यांना, म्हणजे जिची सीएसआरची रक्कम गेल्या तीन वर्षांत सरासरी १० कोटी किंवा जास्त आहे तिला. तेही १ कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांसाठी, प्रकल्प पूर्ण होऊन निदान वर्ष झाल्यावर, आणि स्वतंत्र संस्थेकडून. तुमच्या चमच्यांचं बजेट कोटीत नसेल तर कायद्याने तुमच्यावर काही नाही. आणि कायदा लागू असता तर तुम्ही स्वतःच स्वतःचं मूल्यमापन करून चाललंच नसतं. साहेबांना हे गोडीत सांगा.

आकडेमोडे

वा, हे मला माहीत नव्हतं. मग तर माझं मत पक्कं झालं.

ताई, इम्पॅक्ट सिद्ध करायच्या फंदात पडूच नका. एका मंडळाकडे तेवढी माणसं नाहीत, तेवढे पैसे नाहीत, आणि तुलनेला वेगळी वस्ती ठेवायची म्हटली तर रामबाग आणि लोकमान्य नगरात सगळे एकमेकांचे व्याही. इकडच्या हळदीकुंकवातलं संध्याकाळपर्यंत तिकडे पोहोचलेलं असतं. हे मोठ्यांनाही चुकलं नाही. फिनलंडमध्ये १९७२ साली उत्तर कारेलिया प्रांतात हृदयरोगाविरुद्ध मोहीम सुरू झाली, शेजारचा कुओपिओ प्रांत तुलनेला ठेवला, तर काही वर्षांत हृदयरोगाचे मृत्यू कुओपिओतही उतरायला लागले. मग मोहिमेचा वाटा किती, यावर वाद झाला तो झालाच.

गोळी नेमाने घेतली, मीठ कमी केलं की बीपी उतरतं, पक्षाघात टळतो, हे जगाने सिद्ध केलंय. ते रामबागेत पुन्हा सिद्ध करायची गरज नाही. तुम्ही फक्त एवढं दाखवा की ज्याला गरज आहे तो तुमच्यापर्यंत आला, आणि आलेला टिकला.

शंकासुर

यावर माझा आक्षेप नोंदवून ठेवा. 'पोहोचलो आणि टिकले' एवढंच मोजलं तर चुकीची गोष्टही उत्तम पोहोचवता येते. सिस्टरनी सांगितलेला गोळी सोडण्याचा प्रकार यात कसा दिसणार? सहा महिन्यांतून एकदा तरी वीसेक घरं चिठ्ठ्या टाकून निवडा, तुमची नेहमीची मंडळी नकोत, आणि गोळ्यांच्या पट्ट्या प्रत्यक्ष बघा.

आकडेमोडे

चिठ्ठ्या टाकून निवडणं, मंजूर. फक्त कार्यकर्ता त्याच गल्लीतला नको, नाहीतर चहा मिळतो आणि खरं उत्तर राहतं.

माळवी_मालवणी_नव्हे

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सचिवकाकांशी तासभर डोकं लावलं. ते म्हणाले, "न आलेल्यांचा आकडा छापायचा म्हणजे आपणच आपली लाज काढायची." शेवटी मधला मार्ग निघाला: जुना आलेख जाणार नाही. त्याऐवजी वह्यांतून निघालेला वेगळ्या माणसांचा आकडा, त्यातले चाळिशी-पन्नाशीचे पुरुष किती तो आकडा, जीरावनचा किस्सा, आणि पुढच्या वर्षी काय मोजणार ते एका पानात. रविवारच्या सकाळऐवजी एक दिवस मालगंजच्या बाजारात दुकानं बंद व्हायच्या वेळी टेबल लावायचं ठरलंय. काका स्वतः बसणार आहेत, त्यांचं तिथे किराणा दुकान होतं, सगळे ओळखतात.

साहेबांचं काय होईल ते होवो. एक विनंती: नव्या रजिस्टरचा नमुना कोणी देईल का? मी केला त्यात चौदा रकाने झाले.

निवृत्त सिस्टर

चौदा कोणी भरणार नाही. पाच ठेवा. नाव आणि फोन, दोन्ही वेळचं बीपी, गोळीची पट्टी पाहिली का, पुढची तारीख, आणि न आल्यास कारण. शेवटच्या रकान्यात 'गावी गेले', 'गोळी संपली, मिळाली नाही' आणि 'बरं वाटतंय म्हणून सोडली' ही तीन कारणं वेगवेगळी लिहायची. तिन्हीवर करायचं वेगवेगळं असतं. उद्या दुपारी हाताने आखून फोटो टाकते.